सुरुवात सारखी, अर्थ वेगळा: एकाच अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

डिक्शनरीत ‘कन्फर्म’ हा शब्द काढा आणि त्याच्या वरखाली पाहा. कन्फर, कन्फेस, कन्फाइड, कन्फाइन, कॉन्फिस्केट, कॉन्फ्लिक्ट, कॉन्फ्लुअन्स, कन्फॉर्म, कन्फ्रंट, कन्फ्यूज. पहिली चार अक्षरे तंतोतंत सारखी: सी, ओ, एन, एफ. ही यादी अर्थासकट घोकली, तर दोन दिवसांत कन्फाइड आणि कन्फाइन यांची अदलाबदल होते आणि कन्फॉर्मच्या जागी कन्फर्म येऊन बसतो. यात स्मरणशक्तीचा दोष फारसा नसतो. शब्दाची सुरुवात डोळ्यात भरते म्हणून आपण तिच्यावर विसंबतो, पण सुरुवात सारखी असेल तर फरक तिथे सापडणारच नाही. तो तिच्या मागे असतो.

म्हणून सारख्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द हाती आले की पाठांतराआधी त्यांची वाटणी करावी. काहींची सुरुवात हा खरोखर उपसर्ग असतो. काही एकाच मुळातून निघून शेवटी वेगळे होतात. काहींत नुसता नाद सारखा असतो. उरलेल्यांचे एकमेकांशी काही नाते नसते, वर्णक्रमाने शेजारी आले एवढेच. प्रत्येक ढिगाला वेगळी रीत लागते.

उपसर्ग सोलून पाहणे

मराठीत ही गोष्ट आपण शाळेपासून करतो. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या शब्दांत ‘हार’ कायम आहे आणि अर्थ उपसर्गाने फिरतो. उलट संवाद, संगम, संमेलन, संचय यांत ‘सम्’ कायम आहे आणि अर्थ पुढच्या भागाने ठरतो. कॉन्फ-गट या दुसऱ्या जातीचा. ‘कॉन’ हा लॅटिन उपसर्ग अर्थाने आपल्या ‘सम्’सारखा: एकत्र, मिळून, आणि कधीकधी नुसता जोर देण्यासाठी, म्हणजे ‘पुरते’, ‘पक्के’. एफपासून पुढचा तुकडा वेगळा काढला की अकरा शब्द अकरा चित्रे होतात.

सुरुवात कॉन्फ्लुअन्सपासून करावी, कारण त्याचा सांधा उघडा दिसतो. ‘फ्लु’ म्हणजे वाहणे, एकत्र वाहणे म्हणजे नद्यांचा संगम. फ्लुइड आणि फ्लुएंट हे त्याचेच भाऊबंद. कन्फ्यूजमधला ‘फ्यूज’ म्हणजे ओतणे. सगळे एकाच भांड्यात ओतले की कोणते काय ते कळत नाही, हाच गोंधळ. कन्फाइनमध्ये ‘फाइन’ म्हणजे सीमा, शेवट. फिनिश आणि फायनल त्याच घरातले. सीमेच्या आत ठेवणे म्हणजे कन्फाइन: डांबणे, मर्यादित ठेवणे. कन्फाइडमधला ‘फाइड’ मात्र विश्वासाचा आहे. भरवसा ठेवून मनातले सांगणे म्हणजे कन्फाइड. कॉन्फिडन्स आणि कॉन्फिडेन्शियल हे शब्द याच विश्वासातून आले. हे दोन तुकडे एकदा वेगळे झाले की अदलाबदल थांबते: एन असेल तिथे कुंपण, डी असेल तिथे भरवसा.

कन्फर्ममध्ये ‘फर्म’ म्हणजे घट्ट, म्हणून पक्के करणे. कन्फॉर्ममध्ये ‘फॉर्म’ म्हणजे आकार, साचा. साच्यात बसणे, नियमाबरहुकूम असणे. कन्फ्रंटमध्ये ‘फ्रंट’ म्हणजे मुळात कपाळ. कपाळाला कपाळ भिडवून उभे राहणे, म्हणजे सामोरे जाणे, तोंडावर जाब विचारणे. कॉन्फ्लिक्टमध्ये आदळणे आहे, म्हणून संघर्ष. कॉन्फिस्केटमधला ‘फिस्क’ म्हणजे खजिना, सरकारी तिजोरी. मराठीतला ‘सरकारजमा करणे’ हा शब्द अर्थाने त्याच्याशी इतका जुळतो की वेगळे स्पष्टीकरण लागू नये. कन्फेसमध्ये ‘कॉन’ नुसता जोराचा आहे. पुरते मान्य करणे, म्हणजे कबुली. राहिला कन्फर: ‘फर’ म्हणजे वाहून आणणे, जसे ट्रान्सफर, रेफर. चार जणांचे विचार एकत्र आणणे म्हणजे विचारविनिमय, त्यातूनच कॉन्फरन्स. त्याचा दुसरा अर्थ पदवी किंवा सन्मान बहाल करणे.

अर्थाबरोबर शब्दाची शेपटी, म्हणजे पुढे येणारे छोटे अव्यय, त्याच वेळी लिहून घ्यावे. कन्फाइडनंतर ‘इन’, कन्फाइननंतर ‘टू’, कन्फॉर्मनंतर ‘टू’ किंवा ‘विथ’. कन्फरनंतर ‘विथ’ आला तर सल्लामसलत, ‘ऑन’ आला तर बहाल करणे. अर्थ पाठ असूनही वाक्य चुकते ते बहुतेक वेळा इथेच.

सोललेला तुकडा खरा आहे का, हे तपासायची सोपी कसोटी आहे. तोच तुकडा दुसऱ्या उपसर्गाला लावून पाहावा. ‘फ्यूज’ घेतला तर रिफ्यूज, डिफ्यूज, इन्फ्यूज मिळतात. ‘फॉर्म’ घेतला तर रिफॉर्म, इन्फॉर्म. दोन-तीन ठिकाणी तुकडा सापडला तर सांधा बरोबर. कुठेच सापडला नाही तर डिक्शनरीत शब्दाच्या नोंदीबरोबर, बहुधा चौकटी कंसात, दिलेली व्युत्पत्ती वाचावी. ही जागा बहुतेक विद्यार्थी कधी वाचतच नाहीत.

उच्चाराकडेही लक्ष हवे. कॉन्फ्लिक्ट, कॉन्ट्रॅक्ट, कॉन्टेस्ट, कंडक्ट अशा शब्दांत नाम असताना जोर पहिल्या अवयवावर पडतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. ‘कन्टेंट’मध्ये तर जोर सरकला की अर्थच बदलतो: पहिल्यावर जोर दिला तर मजकूर, दुसऱ्यावर दिला तर समाधानी.

उपसर्ग वेष बदलतो

‘उत्’ अधिक ‘चार’ म्हणजे उच्चार, ‘उत्’ अधिक ‘लेख’ म्हणजे उल्लेख. संधीत त् गेला आणि पुढच्या व्यंजनाचे रूप घेऊन बसला. लॅटिनमध्ये हुबेहूब हेच होते, म्हणून एकच उपसर्ग डिक्शनरीत वेगवेगळ्या पानांवर विखुरलेला असतो. ‘कॉन’ हा बी, पी, एम यांच्यापुढे ‘कॉम’ होतो (कम्बाइन, कम्पेअर), एलपुढे ‘कॉल’ (कलेक्ट, कोलॅप्स), आरपुढे ‘कॉर’ (करेक्ट, कॉरस्पॉन्ड) आणि स्वरापुढे नुसता ‘को’ (कोऑपरेट, कोइन्साइड). नकाराचा ‘इन’ तसाच: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. दिशा दाखवणारा ‘अॅड’ सर्वांत बहुरूपी आहे. अॅक्सेप्ट, अफेक्ट, अॅग्रेसिव्ह, अलोकेट, अनाउन्स, अपिअर, अराइव्ह, असिस्ट, अट्रॅक्ट या सगळ्यांत तोच दडलेला आहे, आणि म्हणूनच या प्रत्येकात सुरुवातीचे व्यंजन जोडीने येते (अॅक्सेप्टमध्ये दोन सी).

याचा थेट फायदा स्पेलिंगला होतो. ‘अकोमोडेट’मध्ये दोन सी आणि दोन एम का? कारण त्यात ‘अॅड’ आणि ‘कॉम’ असे दोन उपसर्ग आहेत आणि दोघांनीही आपापली जोडी सोडली आहे. ‘रेकमेंड’मध्ये सी एकच, कारण तो ‘री’ अधिक ‘कमेंड’ आहे. ‘डिसअपिअर’ आणि ‘डिसअपॉइंट’मध्ये एस एक आणि पी दोन, ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये एस दोन, एक उपसर्गाचा आणि एक मूळ शब्दाचा. ‘मिसस्पेल’ हा शब्द स्वतःच चुकीचा लिहिला जातो तो याच कारणाने: ‘मिस’चा एक एस, ‘स्पेल’चा दुसरा. अशा शब्दांचे स्पेलिंग रटण्यापेक्षा सांधा दाखवणारी उभी रेघ मारून लिहावे. एकदा रेघ मारली की अक्षरे मोजावी लागत नाहीत.

एकच रूप, दोन अर्थ

‘इन’ हा उपसर्ग फसवा आहे, कारण तो खरे तर दोन वेगळे उपसर्ग आहे. एक नकाराचा, इनअॅक्टिव्ह. दुसरा ‘आत’ या अर्थाचा, इन्क्लूड, इन्हेल, इम्पोर्ट. दुसरा कधी नुसता जोर देतो, आणि तिथेच घोटाळे होतात. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे, चटकन पेटणारे. ‘फ्लेमेबल’चाही अर्थ तोच. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो म्हणून इशाऱ्याच्या पाट्यांवर आता ‘फ्लेमेबल’ला पसंती असते. ‘इन्हॅबिटेबल’ म्हणजे राहण्याजोगे. न राहण्याजोगे हवे असेल तर ‘अनइन्हॅबिटेबल’.

नकाराचा ‘इन’ असतानाही अर्थ नेहमी सरळ उलटा होत नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचे नव्हे, तर किंमत करता येणार नाही इतके मोलाचे. आपल्या ‘अमूल्य’चे तेच. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. ‘इन्डिफरंट’ म्हणजे उदासीन, बेफिकीर. फरक नसण्याशी आजच्या अर्थाचा संबंध राहिलेला नाही. अशा शब्दांपुढे वहीत फुली मारून ठेवावी: सांधा कळतो, पण अर्थ त्यातून निघत नाही.

थोडक्यात चुकणारे उपसर्ग

हायपर आणि हायपो. पहिला म्हणजे वर, जास्त. दुसरा म्हणजे खाली, कमी. मराठी वाचकाला हे लक्षात ठेवायला संस्कृत मदतीला येते. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच मूळ शब्दातून आले आहेत, तसेच ‘हायपो’ आणि ‘उप’. ‘सब’ही त्याच कुळातला, म्हणून ‘सबर्ब’ म्हणजे शब्दशः उपनगर. घाईत बोलताना हायपर आणि हायपो सारखेच ऐकू येतात. रक्तातली साखर कमी होणे म्हणजे हायपोग्लायसेमिया, वाढणे म्हणजे हायपरग्लायसेमिया. पहिल्यात साखर द्यावी लागते, दुसऱ्यात तीच अपायकारक ठरते. असा शब्द कानावर आला तर स्पेलिंग विचारून घेण्यात कमीपणा नाही.

‘अँटी’ म्हणजे विरुद्ध, ‘अँटे’ म्हणजे आधीचा. घड्याळातल्या सकाळच्या ए.एम.मधला ए म्हणजे ‘अँटे’, मध्यान्हीच्या आधी. मात्र ‘अँटिसिपेट’मध्ये स्पेलिंग आयचे असले तरी उपसर्ग ‘आधी’चाच आहे: आधीच हेरणे, अपेक्षा ठेवणे. विरोधाशी त्याचा काही संबंध नाही.

‘फोर’ पुढे ई असेल तर तो ‘आधी, पुढे’ या अर्थाचा: फोरकास्ट, फोरसी, फोरहेड. फोरवर्ड म्हणजे पुस्तकाची प्रस्तावना. त्यात ‘वर्ड’ आहे, शब्द. दिशा दाखवणारा फॉरवर्ड निराळा. छापील पुस्तकांतही प्रस्तावनेच्या डोक्यावर ‘फॉरवर्ड’ आढळतो. ई नसलेला ‘फॉर’ बहुधा मनाईकडे, सोडून देण्याकडे झुकतो: फॉरबिड, फॉरगिव्ह, फॉरगो. ‘फॉरेन’ मात्र यांपैकी कोणाचाच नाही. तो ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे.

प्री, प्रो आणि पर यांचे त्रिकूट परीक्षकांचे लाडके. प्रिस्क्राइब म्हणजे लिहून देणे, नेमून देणे. प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे. एकाच अक्षराने अर्थ उलटा होण्यामागे इतिहास आहे: रोममध्ये इ.स.पू. ८२ मध्ये सेनापती सुल्लाने आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या जाहीरपणे लावल्या, आणि यादीत नाव असलेल्याला मारण्याची मोकळीक होती. ‘प्रो’ म्हणजे पुढे, सर्वांसमोर लिहिणे. पर्सिक्यूट म्हणजे छळणे, प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणे. प्रिसीड म्हणजे आधी येणे, प्रोसीड म्हणजे पुढे जाणे. यांच्या शेवटाचे स्पेलिंगही वेगळे. दोन ई आणि डीने संपणारे या जातीचे शब्द तीनच आहेत: प्रोसीड, एक्सीड, सक्सीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड सगळे सी-ई-डी-ईचे. ‘सुपरसीड’मध्ये सी नाहीच, एस आहे, कारण त्याच्या मुळाशी ‘जाणे’ नसून ‘बसणे’ आहे: एखाद्याच्या जागेवर जाऊन बसणे. आणि प्रोसीडचा ‘प्रोसीजर’ होताना एक ई गळतो.

मूळ एक, शेपटी निराळी

या ढिगात सहा-सात अक्षरे सारखी असतात आणि फरक शेवटच्या प्रत्ययात असतो. इथे उपसर्ग सोलून काही मिळत नाही. प्रत्ययाला मराठी प्रत्यय जोडावा. ‘-एबल’ला ‘-नीय’ किंवा ‘-जोगा’ लावा, ‘-फुल’ला ‘-पूर्ण’ किंवा ‘-शील’. मग रिस्पेक्टेबल म्हणजे आदरणीय, रिस्पेक्टफुल म्हणजे आदर बाळगणारा. रिस्पेक्टिव्ह म्हणजे ज्याचा त्याचा. इथे आदर संपला. पत्राच्या शेवटी ‘रिस्पेक्टफुली’ऐवजी ‘रिस्पेक्टिव्हली’ लिहिले की ‘आपला नम्र’च्या जागी ‘आपला अनुक्रमे’ होते.

सेन्सिबल म्हणजे समजूतदार, सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा. कन्सिडरेबल म्हणजे बराच, दखल घेण्याजोगा. कन्सिडरेट म्हणजे दुसऱ्याचा विचार करणारा. इंडस्ट्रियल म्हणजे औद्योगिक, इंडस्ट्रियस म्हणजे कष्टाळू. मराठीत ‘उद्योगी’ हा एकच शब्द दोन्हीकडे झुकतो म्हणून इथे आपली जास्त गल्लत होते. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी असा, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंधित. ‘ऐतिहासिक’ हा मराठी शब्द दोन्हींना चालतो, त्यामुळे भाषांतर लिहून भागत नाही, वाक्यच लिहावे लागते. मोमेंटरी म्हणजे क्षणिक, मोमेंटस म्हणजे फार महत्त्वाचा.

काही जोड्या देवनागरीत लिहिल्या तर फरकच पुसला जातो. ‘कॉम्प्लिमेंट’ एलनंतर ईने लिहिला तर पूरक, आयने लिहिला तर प्रशंसा. ‘कम्प्लीट’मध्ये एलनंतर ई आहे, पूर्ण करणारा तो पूरक, एवढे पुरेसे. ‘स्टेशनरी’मध्ये शेवटी ई-आर-वाय असेल तर लेखनसाहित्य, ए-आर-वाय असेल तर स्थिर, ‘पेपर’च्या शेवटीही ई-आरच आहे. अशा शब्दांची वही देवनागरीत ठेवू नये.

नाद सारखा असलेले

मराठीत झगमग, झळक, झळाळी यांत उजेड आहे हे कोणी शिकवत नाही, कान सांगतो. इंग्रजीत जी-एलने सुरू होणारे पुष्कळ शब्द असेच उजेडाचे किंवा नजरेचे. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अशा नादगटांना ‘फोनेस्थीम’ असे नाव दिले. हा उपसर्ग नव्हे. जी-एल सोलून मागे काही उरत नाही. म्हणून या शब्दांना सोलायचे नाही, एकमेकांच्या शेजारी ठेवून फरक पाहायचा.

ग्लो म्हणजे निखाऱ्यासारखा स्थिर, ज्वाळा नसलेला प्रकाश. ग्लिटर म्हणजे अनेक बारीक ठिणग्यांसारखे चकाकणे. ग्लिसन म्हणजे ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागाची चकाकी, पाणावलेल्या डोळ्यांना हाच शब्द. ग्लिमर म्हणजे मिणमिणता उजेड, त्यातून ‘आशेचा किरण’. ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा प्रखर उजेड, आणि रागाने रोखून पाहणेही. ग्लान्स आणि ग्लिम्प्स यांत सर्वांत जास्त गोंधळ होतो. ग्लान्स आपण टाकतो, मुद्दाम, झटकन. ग्लिम्प्स आपल्याला मिळते, ओझरते दर्शन. म्हणून इंग्रजीत ग्लान्स ‘टेक’ करतात आणि ग्लिम्प्स ‘कॅच’ करतात.

एस-एनमध्ये नाक आहे: स्नीझ, स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. पण ‘स्नो’ आणि ‘स्नेक’मध्ये नाक नाही, ‘ग्लव्ह’मध्ये उजेड नाही. नाद हा अंदाजाला आधार, पुरावा नव्हे.

योगायोगाने शेजारी आलेले

‘अंकल’ आणि ‘अंडर’मध्ये नकाराचा ‘अन’ नाही. ‘प्रिटी’मध्ये ‘आधी’ नाही, ‘रीड’मध्ये ‘पुन्हा’ नाही, ‘डिश’मध्ये ‘डिस’ नाही. ‘कॉमेट’मध्ये ‘कॉम’ नाही. तो लांब केसांचा तारा या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आला आहे. ‘टेरर’, ‘टेरिबल’, ‘टेरिफाय’ भीतीचे, तर ‘टेरेन’, ‘टेरेस’ जमिनीचे. पहिली चार अक्षरे सारखी, घराणी दोन. ‘टेरिफिक’ही मुळात भीतीचाच, पण आज त्याचा अर्थ झकास असा होतो.

‘युनियन’, ‘युनिट’, ‘युनिक’ यांत ‘एक’ आहे आणि उच्चारच ‘यु’ असल्याने ते ‘अन’पासून वेगळे कळतात. एका जागी मात्र उच्चारावाचून निभाव लागत नाही. ‘युनियनाइज्ड’, म्हणजे संघटनेत सामील झालेले, आणि ‘अन-आयोनाइज्ड’, म्हणजे आयन न झालेले, यांचे स्पेलिंग जोडरेघ काढली की एकच. रसायनशास्त्राचा माणूस तो शब्द एक वाचतो, कामगार पुढारी दुसरा.

वही आणि वेळापत्रक

एका वेळी एकच गट घ्यावा आणि तो किमान चार अक्षरांचा असावा. नुसत्या ‘कॉन’ने शेकडो शब्द येतात, ‘कॉन्फ’ने हाताळता येतील इतके. छापील डिक्शनरी इथे सोयीची, कारण शेजारी आपोआप दिसतात. ऑनलाइन हवे असेल तर वनलुक या शब्द शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर अक्षरे टाइप करून पुढे तारा चिन्ह द्यावे, त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द समोर येतात. त्यांतले वीस-पंचवीस ओळखीचे किंवा कामाचे निवडून बाकी सोडून द्यावेत. दुर्मीळ शब्दांमागे लागलेला माणूस ‘कन्फर्म’ आणि ‘कन्फॉर्म’मध्येच अडखळताना दिसतो.

पानावर चार रकाने पुरतात: शब्द उभ्या रेघेने सांधा दाखवून, तुकड्याचा अर्थ, आजचा अर्थ, आणि अव्ययासकट एक छोटे वाक्य. तुकड्याचा अर्थ आणि आजचा अर्थ एकाच रकान्यात कोंबू नये, नाहीतर ‘इन्डिफरंट’ चुकणारच. दिवसाला सहा ते आठ शब्द. उजळणी त्याच संध्याकाळी, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि तिसाव्या दिवशी, डावीकडचे रकाने झाकून, वाक्यातल्या शब्दाच्या जागी बोट ठेवून.

कन्फर्म-कन्फॉर्म, ग्लान्स-ग्लिम्प्स अशा जुळ्या दिसणाऱ्या जोड्या पहिल्यांदा एकाच दिवशी घेऊ नयेत. दोन्ही अर्धवट पक्के झाले की एक आठवताना दुसरा मध्ये येतो, आणि ही सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जास्त वापरातला शब्द आधी घ्यावा, तो न अडखळता वाक्यात येऊ लागला की साधारण आठवड्याने दुसरा घ्यावा, आणि त्यानंतरच दोघांना समोरासमोर ठेवून गाळलेल्या जागा भराव्यात. त्या जागांची वाक्ये अशी असावीत की दुसरा शब्द बसलाच नाही पाहिजे: ‘तिकीट पक्के झाले’ इथे फक्त कन्फर्म चालतो, ‘इमारत नियमांना धरून आहे’ इथे फक्त कन्फॉर्म. दोन्ही शब्द खपतील असे वाक्य सरावात आले तर ते खोडून नवे लिहावे.